हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१५ मार्च १८६८ – २० फेब्रुवारी १९५८) हे मुंबईतील मराठी छायाचित्रकार, चलच्चित्रकार आणि चित्रपट-प्रदर्शक होते. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांच्या कुस्तीचे चलच्चित्र घेतले. भारतीय व्यक्तीने भारतात घेतलेल्या अगदी आरंभीच्या चलच्चित्रांत त्याची गणना होते. भारतीय वृत्तपटांचे आणि अनुबोधपटांचे जनक म्हणूनही भाटवडेकरांचा उल्लेख केला जातो. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या कथापटाच्या सुमारे १४ वर्षे आधीची ही घटना आहे.

भाटवडेकर मुळात स्थिर छायाचित्रांचे व्यावसायिक होते. चलच्चित्रासाठी त्यांनी निवडलेला पहिला विषय नाटक, मिरवणूक किंवा निसर्गदृश्य नव्हता, तर वेगवान हालचालींचा एक खेळ होता. त्यामुळे त्यांचे कार्य चित्रपटाच्या इतिहासाबरोबरच क्रीडाछायाचित्रणाच्या इतिहासातही महत्त्वाचे ठरते. खेळाडूची हालचाल क्षणोक्षणी बदलत असताना प्रत्येक चित्रावर सारखाच प्रकाश पडावा, हा क्रीडाछायाचित्रणातील मूलभूत प्रश्न आहे. प्रकाशमापक, स्वयंचलित कॅमेरा किंवा जागेवर चित्र तपासण्याची सोय यांपैकी काहीही हाताशी नसताना भाटवडेकरांना तो सोडवावा लागला.

== पार्श्वभूमी ==

छायाचित्रणाची कला मुंबईत लवकर रुजली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. भाटवडेकरांचा जन्म १८६८ साली झाला, तेव्हा शहरात छायाचित्रांची दुकाने सर्वपरिचित झाली होती. परंतु ओल्या काचपट्टीचे तंत्र वापरणाऱ्या या व्यवसायात वेगवान हालचाल टिपणे जवळजवळ अशक्य होते. काचेवर रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे आणि लगेच धुवावे लागे. चित्र घेताना काही सेकंद भिंग उघडे ठेवावे लागत असल्याने समोरच्या व्यक्तीस निश्चल बसावे लागे. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावण्याची प्रथा होती.

१८७१ साली इंग्लंडमधील रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचपट्टीची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीपासून अशा पट्ट्या तयार स्वरूपात विकत मिळू लागल्या. कोरडी पट्टी अधिक प्रकाशग्राही असल्यामुळे भिंग उघडे ठेवण्याचा काळ सेकंदाच्या लहान अंशापर्यंत खाली आला. भाटवडेकर ज्या पिढीत छायाचित्रकार म्हणून तयार झाले, त्या पिढीला हे नवे साधन मिळाले होते. तरीही किती प्रकाशाला किती वेळ द्यावा, हे अनुभवानेच ठरवावे लागे. आकाशाचा रंग, सावलीची तीव्रता, दिवसाची वेळ आणि ऋतू यांवरून एक्स्पोजरचा अंदाज करणे हे प्रत्येक व्यावसायिकाचे नित्याचे काम होते.

हालचालींच्या छायाचित्रणाला जगात आधीच आरंभ झाला होता. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेतील पालो आल्टो येथे एका ओळीत १२ कॅमेरे मांडून धावत्या घोडीची चित्रे घेतली आणि भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे दाखवून दिले. पुढे १८८७ साली त्यांनी ७८१ चित्रफलकांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात धावपटूंबरोबर कुस्तीगीरांच्याही हालचाली आहेत. मायब्रिज यांची पद्धत मात्र अनेक कॅमेऱ्यांची होती. एकाच कॅमेऱ्यातून, एकाच फितीवर, एकामागून एक चित्रे घेण्याची सोय १८९० च्या दशकात चलच्चित्राचे यंत्र आल्यावरच सर्वत्र उपलब्ध झाली.

== चलच्चित्राशी परिचय ==

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ झाला. भारतातील हा पहिला चित्रपट-प्रयोग मानला जातो. एका रुपयाच्या तिकिटात ६ लघुचित्रे दाखविण्यात आली. त्यांत आगगाडीचे स्थानकात येणे आणि कारखान्यातून कामगारांचे बाहेर पडणे ही दृश्ये होती. पुढील आठवड्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये सुरू झाले. ते पाहणाऱ्यांत छायाचित्रांचा व्यवसाय करणारे भाटवडेकरही होते. स्थिर चित्राचे तंत्र हाताखालचे असल्यामुळे पडद्यावरची हालचाल म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या स्थिर चित्रांची मालिका आहे, हे त्यांच्या व्यावसायिक नजरेला परके नव्हते.

हा खेळ मुंबईत आणणारे ल्युमिएर यांचे प्रतिनिधी मारियस सेस्तिए मुंबईहून ऑस्ट्रेलियाला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवसाचे चित्रण केले. चलच्चित्राचा आणि खेळांचा संबंध असा आरंभापासूनच जुळलेला दिसतो. अमेरिकेत १८९४ पासून मुष्टियुद्धाच्या चित्रफिती घेतल्या जात होत्या, तर १७ मार्च १८९७ रोजी नेव्हाडा राज्यातील कार्सन सिटी येथे झालेली कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची लढत चलच्चित्रासाठी खास चित्रित करण्यात आली. ठरावीक चौकटीत राहणारे, तरीही सतत हालचालीने भरलेले खेळ त्या काळच्या अचल कॅमेऱ्याला सोयीचे होते. कुस्ती हा तसाच खेळ होय.

== कॅमेऱ्याची खरेदी ==

खेळ पाहिल्यानंतर भाटवडेकरांनी इंग्लंडमधील रायली ब्रदर्स यांचा चलच्चित्र-कॅमेरा २१ गिनींना मागविला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. त्यामुळे ही किंमत २२ पौंड १ शिलिंग होते. एका पौंडास सुमारे १५ रुपये या तत्कालीन दराने ती सुमारे ३३० रुपये भरते. शासकीय किंवा संस्थात्मक आधार नसलेल्या एका व्यावसायिकाने, मागणी निर्माण होण्यापूर्वीच, केलेली ही गुंतवणूक होती. कॅमेरा, कोरी फिल्म आणि रसायनशाळा या तीनही गोष्टी परदेशावर अवलंबून असल्याने पुढील प्रत्येक चुकीचा खर्चही त्यांच्याच माथी पडणार होता.

== कुस्तीचे चित्रण ==

नोव्हेंबर १८९९ मध्ये भाटवडेकरांनी मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. हे चित्र पुढे ‘द रेसलर्स’ या नावाने ओळखले गेले. टेकडीवरील जलाशयाच्या माथ्यावर केलेली ही बाग मोकळी व उघडी असून तेथे सूर्यप्रकाशाला मोठा अडसर नव्हता. कृत्रिम दिव्यांवर चलच्चित्र घेण्याची सोय त्या काळी मुंबईत नसल्याने चित्रणासाठी असे उघड्यावरचे स्थळ आवश्यक होते. नोव्हेंबर हा महिनाही त्या दृष्टीने अनुकूल होता. पावसाळा संपून आकाश निरभ्र झालेले असते आणि ढगांमुळे प्रकाश कमीजास्त होण्याची शक्यता मुंबईत या काळात कमी असते.

कुस्तीच्या हालचालींना स्वतःची लय असते. आरंभी मल्ल एकमेकांचा अंदाज घेत खडाखडी करतात. त्यानंतर पकड बसली की दोघेही बराच वेळ जवळजवळ स्थिर भासतात. मग एखादा डाव पडतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एक मल्ल चीत होतो. संथ आणि अतिवेगवान हालचालींचा असा मिलाफ छायाचित्रकाराची कसोटी पाहणारा असतो. कारण निर्णायक क्षण केव्हा येईल हे आधी सांगता येत नाही आणि तो आल्यावर यंत्रात बदल करण्यास अवधी नसतो. त्या काळच्या फितीची लांबीही अल्प असे. ल्युमिएर यांच्या सुमारे १७ मीटर लांबीच्या फितीवर ५० सेकंदांच्या आसपास चित्रण होई. त्यामुळे फीत सुरू असतानाच डाव पडावा, याकडेही लक्ष ठेवावे लागे.

== एक्स्पोजरचा प्रश्न ==

=== हाताची गती ===

तत्कालीन चलच्चित्र-कॅमेऱ्याला मोटार नसे. बाजूचा दांडा हाताने फिरवून फीत पुढे सरकवावी लागे. ल्युमिएर यांच्या पद्धतीत दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चौकटी सरकत आणि सेकंदाला २ फेरे दिले जात. म्हणजे सेकंदाला १६ चौकटी घेतल्या जात. फिरती झडप अर्धी उघडी व अर्धी बंद असेल, तर अशा वेगात प्रत्येक चौकटीला सुमारे १/३२ सेकंद प्रकाश मिळतो.

या रचनेचा परिणाम असा की कॅमेरा चालविणाऱ्याचा हात हाच एक्स्पोजर ठरविणारा घटक बनतो. हात मंदावून वेग सेकंदाला १२ चौकटींवर आला, तर प्रत्येक चौकटीला १/२४ सेकंद मिळतो आणि प्रकाश एक तृतीयांशाने वाढतो. वेग २० चौकटींवर गेला, तर तो काळ १/४० सेकंद होऊन प्रकाश एक पंचमांशाने घटतो. पडद्यावर अशी फीत उजळ व काळपट होत लुकलुकते. शिवाय मंद हाताने घेतलेला भाग दाखविताना मल्ल अवास्तव वेगाने हलताना दिसतात आणि जलद हाताने घेतलेला भाग संथ भासतो. म्हणजे हाताची एकच चूक प्रकाश आणि हालचाल या दोन्ही अंगांनी उघडी पडते.

खेळाच्या चित्रणात ही अडचण अधिक वाढते. डाव रंगात आला की पाहणाऱ्याचा हात नकळत वेग घेतो, हा मनुष्यस्वभाव आहे. कॅमेऱ्यामागच्या माणसाला मात्र अगदी त्याच क्षणी आपली लय ढळू न देता दांडा फिरवावा लागतो. त्यामुळे लय अंगवळणी पडण्यासाठी त्या काळचे अनेक चलच्चित्रकार मनात अंक मोजत किंवा एखाद्या कूचगीताची चाल गुणगुणत.

=== प्रकाश, भिंग आणि फिल्म ===

१/३२ सेकंद हा काळ आजच्या क्रीडाछायाचित्रणाच्या मानाने फार मोठा आहे. डाव टाकताना हात सेकंदाला ३ मीटर वेगाने हलत असेल, तर तेवढ्या काळात तो सुमारे ९ सेंटिमीटर सरकतो आणि त्या चौकटीत पुसट उमटतो. एकेका चौकटीत हा दोष मोठा वाटला, तरी चौकटी वेगाने एकामागून एक दिसू लागल्या की डोळ्याला तीच पुसटता हालचालीच्या रूपाने जाणवते. चलच्चित्रात पुसटपणा काही प्रमाणात खपून जातो. प्रकाशातील चढउतार मात्र खपत नाही.

दांड्याचा वेग ठरलेला असल्याने प्रकाश कमीजास्त करण्याचे साधन उरते ते भिंगाच्या छिद्राचे. हे छिद्र चित्रणापूर्वी निश्चित करून फीत संपेपर्यंत तसेच ठेवावे लागे. त्यामुळे उन्हाचा अंदाज एकदाच, परंतु अचूक करणे आवश्यक होते. तत्कालीन चलच्चित्र-फिल्म मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील असल्याने डोळ्याला दिसणारी उजळता आणि फिल्मवर उमटणारी उजळता यांत मोठा फरक पडे. निळे आकाश फिल्मवर पांढरे होई, तर तांबडी माती आणि सावळी कांती अपेक्षेहून काळी उमटे. आकाशाकडे पाहून छिद्र लहान ठेवले, तर मल्लांची शरीरे सावलीत बुडत. शरीरांना पुरेसा प्रकाश दिला, तर पार्श्वभूमी पांढरी पडे. मुख्य विषय मल्ल आहेत हे ठरवून त्यांच्यासाठी प्रकाशाचा हिशेब करणे आणि पार्श्वभूमीचे नुकसान पत्करणे, हाच यावरचा मार्ग होता.

कॅमेऱ्याची दिशाही बहुधा कायम राहत असे. लंडनमध्ये रॉबर्ट पॉल यांनी १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी मिरवणुकीसाठी कॅमेरा आडवा फिरविता येईल अशी तिपाई तयार केली होती. परंतु अशी साधने अजून दुर्मीळ होती. कॅमेरा एकाच दिशेला रोखलेला राहिल्याने एक लाभ होई. ऊन व सावली यांचे प्रमाण चौकटीत बदलत नसे आणि एकदा साधलेले एक्स्पोजर शेवटपर्यंत लागू पडत असे.

=== लंडनला पाठविलेली फीत ===

चित्रण झाल्यावर फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. मुंबईत चलच्चित्राच्या फिती धुण्याची व्यवस्था नव्हती. सुएझ कालव्याच्या मार्गाने जहाजाचा प्रवास, तेथील प्रक्रिया आणि परतीचा प्रवास यांत अनेक आठवडे जात. स्थिर छायाचित्रकार म्हणून भाटवडेकर काचपट्टी काही मिनिटांत धुऊन चूक पाहू शकत होते आणि गिऱ्हाइकाला पुन्हा बसवू शकत होते. चलच्चित्रात ही संधी संपूर्णपणे नाहीशी झाली. फीत परत येईपर्यंत कुस्ती चित्रात उतरली आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

येथे एक तांत्रिक भेद महत्त्वाचा आहे. संपूर्ण फीत सारख्याच प्रमाणात कमी किंवा अधिक प्रकाशित झाली असेल, तर ती धुताना किंवा तिच्यावरून दाखविण्याची प्रत छापताना रसायनशाळेला काही अंशी सुधारणा करता येते. परंतु चौकटीगणिक प्रकाश बदलत असेल, तर एका भागाला योग्य ठरणारी सुधारणा दुसऱ्या भागाला बाधक ठरते. म्हणून दूर अंतरावरच्या रसायनशाळेवर विसंबून असलेल्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने एक्स्पोजर अगदी अचूक असण्यापेक्षा ते एकसारखे असणे अधिक मोलाचे होते. भाटवडेकरांची फीत परत आली आणि प्रेक्षकांना दाखविली गेली, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

== प्रदर्शक म्हणून कार्य ==

फीत लंडनहून परत येईपर्यंतच्या काळात भाटवडेकरांनी प्रक्षेपक मिळवून परदेशी चित्रपटांचे उघड्यावर खेळ करण्यास आरंभ केला. कुस्तीचे चित्र आल्यावर ते या खेळांत समाविष्ट करण्यात आले. आगगाड्या, परदेशी रस्ते आणि समुद्रकिनारे यांच्या दृश्यांबरोबर मुंबईच्या प्रेक्षकांना आपल्याच शहरातील बाग आणि आपल्याच मातीतील कुस्ती पडद्यावर दिसली. याच सुमारास त्यांनी माकडांना शिकविणाऱ्या माणसाचे चित्रणही केले. हे चित्र ‘मॅन अँड मंकी’ या नावाने नोंदले गेले आहे. दोन्ही विषय मोकळ्या जागेत चालणाऱ्या लोकरंजनातून घेतलेले होते आणि दोहोंमध्ये हालचाल हेच मुख्य आकर्षण होते.

== वार्ताचित्रे ==

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर हा मान मिळविला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. डिसेंबर १९०१ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत त्यांचे उत्साहाने स्वागत झाले. भाटवडेकरांनी या प्रसंगाचे चलच्चित्र घेतले. भारतातील पहिले वार्ताचित्र म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. सर मंचरजी भावनगरी यांच्या आगमनाचे चित्रणही याच प्रसंगाशी निगडित आहे.

कुस्तीच्या चित्रणातून मिळालेला अनुभव येथे उपयोगी पडण्याजोगा होता. मल्ल ठरलेल्या जागेत हालचाल करतात. स्वागताच्या प्रसंगी मात्र गर्दी कोणत्या बाजूने सरकेल आणि मुख्य व्यक्ती केव्हा समोर येईल, यावर छायाचित्रकाराचे नियंत्रण नसते. प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. आधी निश्चित केलेले एक्स्पोजर, स्थिर लय आणि योग्य जागेची निवड हेच त्याचे भांडवल असते.

१ जानेवारी १९०३ रोजी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने दिल्लीत दरबार भरविला. हत्तींच्या मिरवणुका, संस्थानिकांचे लवाजमे आणि लष्करी संचलने यांमुळे हा समारंभ जगभर गाजला. परदेशी कंपन्यांच्या चलच्चित्रकारांप्रमाणे भाटवडेकरांनीही त्याचे चित्रण केले. कुस्तीच्या लहानशा चौकटीपासून विस्तीर्ण मैदानावरील समारंभापर्यंतचा हा प्रवास ३ वर्षांहून थोड्या अधिक काळात झाला.

== उत्तरायुष्य ==

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर भाटवडेकरांचा ओढा चित्रणापेक्षा प्रदर्शनाच्या व्यवसायाकडे राहिला. मुंबईतील गेइटी थिएटरच्या व्यवस्थापनाशी त्यांचा संबंध आला. हेच नाट्यगृह पुढे कॅपिटॉल या नावाने चित्रपटगृह म्हणून प्रसिद्धीस आले. चित्रण करणाऱ्याला फिल्म, प्रक्रिया आणि प्रवास यांचा खर्च करून एखादी मिनिटभराची फीत मिळत असे. प्रदर्शकाला मात्र परदेशांतून येणाऱ्या चित्रांवर नियमित उत्पन्न मिळत असे. या व्यवसायाचे अर्थकारण त्या काळी प्रदर्शकाच्याच बाजूचे होते.

मूकपट, बोलपट आणि स्वातंत्र्योत्तर काळातील हिंदी-मराठी चित्रपट असा भारतीय चित्रपटाचा संपूर्ण विस्तार भाटवडेकरांच्या हयातीत झाला. २० फेब्रुवारी १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

== मूल्यमापन ==

भाटवडेकरांचे समकालीन हिरालाल सेन (१८६६–१९१७) यांनी कोलकात्यात रॉयल बायोस्कोप कंपनीमार्फत नाट्यप्रवेशांचे चित्रण केले. सेन यांचा कल रंगभूमीकडे, तर भाटवडेकरांचा कल प्रत्यक्ष घडणाऱ्या घटनांकडे होता. रंगमंचावरचा प्रवेश कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून घेता येतो. कुस्तीतील डाव किंवा बंदरावरचे स्वागत यांबाबत तसे करता येत नाही. भारतीय वृत्तपटाची परंपरा सावेदादांपासून मोजली जाते, ती या कारणामुळे.

फाळके यांच्याशी केलेली तुलनाही उद्बोधक आहे. १९१२ साली फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि फिल्म धुण्याची व छापण्याची व्यवस्था मुंबईत आपल्या घरीच उभारली. त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा सहभाग होता. वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणाऱ्या प्रयोगचित्रातून त्यांनी आपल्या तंत्राची चाचणी घेतली. चूक लवकर दिसली की ती लवकर सुधारता येते, हा लाभ फाळके यांना मिळाला. भाटवडेकरांना तो मिळाला नाही. भारतात स्वतंत्र चित्रपटनिर्मिती उभी राहण्यासाठी कॅमेऱ्याइतकीच रसायनशाळाही आवश्यक होती, हे या दोघांच्या कार्याची सांगड घातल्यास स्पष्ट होते.

भाटवडेकरांनी घेतलेली चलच्चित्रे आज उपलब्ध नाहीत. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असून उष्ण व दमट हवेत हळूहळू विघटित होते. हिरालाल सेन यांची चित्रेही आगीत नष्ट झाली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली, म्हणजे भाटवडेकरांच्या निधनानंतर ६ वर्षांनी झाली. त्यामुळे हँगिंग गार्डनमधील कुस्ती कोणी जिंकली आणि फितीतील प्रकाश किती एकसारखा उतरला होता, हे आता नोंदींच्या आधारे ताडून पाहता येत नाही. उरली आहेत ती मल्लांची नावे, स्थळ आणि वर्ष.

क्रीडाछायाचित्रणाचे तंत्र तेव्हापासून पुष्कळ बदलले. आजचे कॅमेरे १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी काळात चित्र घेतात आणि प्रकाश स्वतः मोजतात. तरीही स्वयंचलित मापन चौकटीतील उजळ-काळोख्या भागांवर अवलंबून असल्याने खेळाडू पांढऱ्या पोशाखात समोर आला किंवा मागे गडद प्रेक्षागार आले की एकाच खेळाडूची लागोपाठची चित्रे कमीजास्त उजळ येतात. म्हणून ऊन स्थिर असताना खेळाडूवर पडणारा प्रकाश एकदा मोजून एक्स्पोजर हाताने निश्चित करावे आणि प्रकाश बदलेपर्यंत त्यात बदल करू नये, ही पद्धत आजही अनेक क्रीडाछायाचित्रकार पाळतात. १८९९ साली भाटवडेकरांपुढे याखेरीज दुसरा पर्यायच नव्हता.

== नामसाधर्म्य ==

आरंभीच्या भारतीय चित्रपटांच्या इतिहासात काही नावे सारखी असल्याने घोटाळा होण्याचा संभव असतो.

* भाटवडेकरांच्या कुस्तीच्या चित्रातील पुंडलिकदादा हे मल्ल होते. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचे ‘श्री पुंडलिक’ हे १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झालेले चित्र नाटकावर आधारलेले असून त्याचा या मल्लाशी संबंध नाही.
* फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झालेला कथापट पौराणिक राजावर आधारित आहे. त्याचा हरिश्चंद्र भाटवडेकरांशी संबंध नाही.
* ‘दिल्ली दरबार’ या नावाने १९०३ आणि १९११ अशा दोन वेगवेगळ्या समारंभांची चित्रणे ओळखली जातात. भाटवडेकरांचे चित्रण १९०३ च्या दरबाराचे आहे.

== प्रमुख चित्रणे ==

* १८९९ – पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती, हँगिंग गार्डन, मुंबई
* १८९९ – माकडांना शिकविणारा माणूस
* १९०१ – रँग्लर र. पु. परांजपे यांचे स्वागत, मुंबई
* १९०३ – लॉर्ड कर्झन याचा दिल्ली दरबार

== हे सुद्धा पहा ==

* दादासाहेब फाळके
* दादासाहेब तोरणे
* हिरालाल सेन
* रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे
* एडवर्ड मायब्रिज
* कुस्ती